हवाई : हिवाळ्यानेच उठवलेल्या लाटा

दरवर्षी डिसेंबर ते मार्च या काळात उत्तर अमेरिकेतील गोठलेल्या शहरांतून असंख्य माणसे प्रशांत महासागरातील हवाई बेटांकडे निघतात. शिकागो किंवा टोरोंटो येथे पारा शून्याखाली असताना होनोलुलूत दुपारी तो २७ अंशांच्या आसपास असतो आणि समुद्राचे पाणी २४ ते २५ अंशांवर. अक्षांश पाहिला तर होनोलुलू नागपूरच्या किंचित उत्तरेला आहे. पण चहूकडे महासागर असल्याने तेथे नागपूरची थंडीही नाही आणि नागपूरचा उन्हाळाही नाही. जाणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात एक हौस असतेच : सर्फबोर्डवर उभे राहून एका तरी लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत यायचे.

गोव्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाची समुद्राविषयीची समज मात्र येथे उलटी ठरते. गोव्यात समुद्र खवळतो तो पावसाळ्यात. नारळी पौर्णिमेनंतर तो हळूहळू निवळतो आणि नाताळच्या सुमारास कळंगुट-कोलव्याला पाणी शांत असते. थंडीच्या देशांतले पाहुणे येतात तेही याच दिवसांत. हवाईतील ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर नेमके याच्या विरुद्ध घडते. जुलैत तेथे तळ्यासारखे संथ पाणी असते, मुले डुंबत असतात; नाताळात त्याच जागी दुमजली-तिमजली घराएवढ्या लाटा फुटतात. म्हणजे शहरातील थंडी टाळण्यासाठी प्रवासी जेव्हा येतो, नेमका तेव्हाच या बेटांचा एक किनारा सर्वांत धोकादायक असतो.

या लाटा स्थानिक वाऱ्याच्या नव्हेत. हिवाळ्यात अलास्काच्या दक्षिणेस, अल्यूशियन बेटांच्या परिसरात कमी दाबाचे पट्टे एकामागून एक तयार होतात. तेथील वादळी वारे शेकडो किलोमीटर समुद्र घुसळून काढतात. वादळाच्या जागी लाटा वेड्यावाकड्या असतात; परंतु तेथून दूर जाताना लांब अंतराच्या लाटा वेगाने पुढे निघतात, आखूड लाटा मागे पडतात आणि गोंधळातून शिस्तबद्ध रांगा तयार होतात. लागोपाठच्या दोन लाटांत सतरा सेकंदांचे अंतर असेल, तर तो समूह खोल समुद्रात ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने सरकतो. तीन हजार किलोमीटरचे अंतर कापायला त्याला अडीच दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. हवाई बेटे म्हणजे महासागराच्या तळातून उभे राहिलेले ज्वालामुखी पर्वत. त्यांच्याभोवती खंडांसारखा उथळ पट्टा नाही. त्यामुळे वाटेत तळाशी घासून लाटेची शक्ती कमी होत नाही. ती जवळजवळ अखंड वेगाने येते आणि किनाऱ्याजवळच्या खडकावर एकदम उभी राहते.

दूरवरच्या वादळावरून लाटांचा अंदाज बांधण्याचे शास्त्र दुसऱ्या महायुद्धात आकाराला आले. हॅराल्ड स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञांनी ते सैन्य किनाऱ्यावर उतरवण्याच्या कामासाठी विकसित केले. पुढे १९६३ मध्ये मंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण महासागरातील वादळांच्या लाटा न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत टप्प्याटप्प्याने मोजल्या. हवाई हा त्यातील एक टप्पा होता. आज सर्फर भ्रमणध्वनीवर तीन दिवसांनंतरच्या लाटा पाहून सुट्टीचे नियोजन करतो, त्यामागे हेच काम आहे.

हा अंदाज उपलब्ध नव्हता तेव्हाची एक घटना उत्तर किनाऱ्यावर अजून सांगितली जाते. डिसेंबर १९४३ मध्ये वुडी ब्राउन आणि सतरा वर्षांचा डिकी क्रॉस हे दोघे सनसेट बीच येथे पाण्यात उतरले. ते आत असतानाच समुद्र वाढत गेला आणि परतीची वाट बंद झाली. वायमेआ उपसागरात पाणी खोल आहे, तेथून कदाचित आत शिरता येईल, या आशेने ते सुमारे पाच किलोमीटर हातांनी वल्हवत गेले. पोहोचले तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि उपसागराचे तोंडही लाटांनी बंद झाले होते. क्रॉस परत आला नाही. ब्राउन फळी गमावून, अर्धमेल्या अवस्थेत वाळूवर फेकला गेला. त्यानंतर चौदा वर्षे, म्हणजे १९५७ पर्यंत, वायमेआच्या मोठ्या लाटांना सर्फर हात लावत नव्हते.

वायमेआला जीवरक्षकाचे नाव कायमचे जोडले गेले ते एडी आइकाऊ यांचे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते या किनाऱ्यावर नेमले गेले आणि त्यांनी शेकडो लोकांना पाण्याबाहेर काढले. मार्च १९७८ मध्ये ‘होकुलेआ’ ही पारंपरिक जोडनौका उलटली, तेव्हा मदत आणण्यासाठी ते सर्फबोर्डवरून एकटे निघाले. बाकीचे खलाशी वाचले, आइकाऊ सापडले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ होणारी स्पर्धा लाटेचा दर्शनी भाग सुमारे बारा मीटर असल्याशिवाय भरवली जात नाही; म्हणून चार दशकांत ती मोजक्याच वेळा झाली. जानेवारी २०२३ मध्ये ती जिंकणारे ल्यूक शेपर्डसन त्या दिवशी वायमेआवर जीवरक्षक म्हणून कामावर होते आणि कामातून सवड काढून स्पर्धेत उतरले होते.

येथे एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हवाईतील जुने सर्फर लाटेची उंची मागच्या बाजूने मोजतात. समोरून दिसणारी उंची त्याच्या जवळजवळ दुप्पट असते. ‘आज सहा फूट आहे’ असे स्थानिक माणूस सहज म्हणतो, तेव्हा नवख्यासमोर बारा फुटांची भिंत उभी राहते. लाटा अंगावर घेण्याची इच्छा नसलेले प्रेक्षकही सुरक्षित नसतात. मोठ्या लाटा गटागटाने येतात. दहा-पंधरा मिनिटे पाणी शांत भासते आणि मग ओल्या खडकावर छायाचित्र काढत उभ्या असलेल्या माणसाला एखादी लाट आत ओढून नेते. खडक ओला असणे, हीच लाट तेथवर येऊन गेल्याची खूण असते.

नवशिक्याची जागा बेटाच्या दुसऱ्या बाजूला, वायकिकीला आहे. उत्तर किनाऱ्यापासून मोटारीने जेमतेम तासाभराचा रस्ता; पण उत्तरेची लाट बेटाच्या आडोशामुळे येथे फारशी पोहोचत नाही. दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात, म्हणजे मे ते सप्टेंबरमध्ये, वायकिकीच्या लाटा मोठ्या होतात. डिसेंबर-जानेवारीत त्या कमरेएवढ्या, संथ आणि लांबवर चालणाऱ्या असतात. शिकणाऱ्याला याहून अधिक काही नको. मऊ आवरणाची लांब, रुंद फळी, घोट्याला बांधलेली दोरी आणि पहिल्यांदा वाळूवरच उठून उभे राहण्याचा सराव, असा धड्याचा क्रम असतो. पाण्याखाली प्रवाळ आणि खडक असल्याने पडताना सूर मारायचा नसतो, अंग सपाट टाकायचे असते. फळी आपण आणि लाट यांच्यामध्ये येऊ द्यायची नसते. लाट जेथे फुटते त्याच्या सर्वांत जवळ असलेल्याचा तिच्यावर पहिला हक्क. दुसऱ्याने मध्ये घुसणे हा केवळ उद्धटपणा नसून अपघाताचे नेहमीचे कारण आहे. समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजण्याऐवजी किनाऱ्याला समांतर सरकावे, हा गोव्यातील जीवरक्षकही देतात तोच सल्ला.

पर्यटनपत्रकांत वायकिकीची जन्मकथा अगदी गोड असते. प्रत्यक्षात ती तशी नाही. ‘हेए नालू’, म्हणजे लाटेवरून घसरत जाणे, ही हवाईतील सरदारांपासून सामान्यांपर्यंत, स्त्री-पुरुष सर्वांची कला होती. १७७८ मध्ये कॅप्टन कुकची जहाजे आली आणि त्यांच्यासोबत परके रोग आले. काही लाखांच्या घरातील मूळ लोकसंख्या १८९० च्या जनगणनेत चाळीस हजारांच्या आसपास उरली. कला जवळजवळ विसरली गेली ती आधी ही माणसे गेली म्हणून. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवण्यात आली, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेने आपल्यात सामील करून घेतली आणि १९०१ मध्ये वायकिकीवर मोआना हॉटेल उघडले. हॉटेलातील पाहुण्यांना लाटेवर उभे करणारे ‘बीच बॉय’ हे बहुतांशी हवाईचेच मूळ रहिवासी. त्यांच्यापैकीच ड्यूक कहानामोकू यांनी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले आणि सर्फिंग ऑस्ट्रेलियापर्यंत लोकप्रिय केले. वायकिकीवरील त्यांच्या पुतळ्याची पाठ समुद्राकडे आहे. समुद्राकडे पाठ करू नये, हे सर्फरचे पहिले पथ्य असल्याने त्यावर पुष्कळ टीका झाली. छायाचित्रात मात्र समुद्र मागे छान दिसतो.

या किनाऱ्यामागे एकेकाळी पाणथळ जमीन होती : अळूची आणि पुढे भाताची शेते, मत्स्यतळी. गोव्याच्या खाजन जमिनी पाहिलेल्या वाचकाला ते चित्र सहज डोळ्यांसमोर आणता येईल. १९२० च्या दशकात आला वाय कालवा खोदून ती कोरडी करण्यात आली आणि तिच्यावर आजचे हॉटेलांचे शहर उभे राहिले. वाळूही बरीचशी बाहेरून आणून टाकलेली आहे आणि समुद्र ती नेत असल्याने पुन:पुन्हा टाकावी लागते.

हवाई हे अमेरिकेचे राज्य असल्याने भारतीय प्रवाशाला अमेरिकेचा व्हिसा लागतो. थेट विमान नाही, टोकियोसारख्या शहरातून किंवा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जावे लागते. प्रवाळाला अपायकारक मानलेली ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनोक्सेट ही द्रव्ये असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून तेथे बंदी आहे, तेव्हा घरून नेलेल्या बाटलीवरील घटक वाचून घ्यावेत. मोठ्या लाटा पाहायच्या असतील तर उत्तर किनाऱ्यावर जाऊन कोरड्या वाळूवर, जीवरक्षकाच्या मनोऱ्याजवळ बसावे. शिकायचे असेल तर वायकिकीला सकाळी लवकर, वारा वाढण्याआधी पाण्यात उतरावे. एप्रिलच्या अखेरीस उत्तरेची वादळे ओसरतात आणि सनसेट बीचचे पाणी पुन्हा संथ होऊ लागते.