स्पोर्टी कारचे टायर बदलताय? उन्हाळ्यात तापणार नाहीत, पावसात घसरणार नाहीत आणि खिशालाही परवडतील असे टायर कसे निवडावेत

एप्रिल-मे उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून गोव्याकडे आणि कोकणाकडे गाड्यांची रीघ लागते. चोर्ला किंवा आंबोली घाट उतरायच्या आधी अनेकांना टायरची आठवण होते. साध्या कारवाल्याचे काम सोपे असते, आहे तेच माप पुन्हा घातले की झाले. पण आय-२० एन लाइन, पोलो जीटी, व्हर्टस जीटी यांसारखी चपळ गाडी असली की प्रश्न वाढतात. परफॉर्मन्स टायर घ्यायचा की साधा? रुंद घालायचा का? परदेशी ब्रँडला दीडपट पैसे मोजायचे का? चार टायरचे बिल एकदम येत असल्याने निर्णय चुकला तर तो तीन-चार वर्षे सोबत राहतो.

'समर टायर' म्हणजे नेमके काय?

हा शब्द मूळचा थंड देशांतला. युरोपात हिवाळ्यासाठी वेगळे आणि उन्हाळ्यासाठी वेगळे टायर घालतात. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली समर टायरचे रबर कडक होऊ लागते आणि पकड कमी होते, म्हणून तिथे ही अदलाबदल. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे दुकानात मिळणारा जवळजवळ प्रत्येक कार टायर उष्ण हवामानाचाच असतो. नुसत्या 'समर' या नावासाठी जादा पैसे देण्यात काही अर्थ नाही.

आपल्याकडची खरी परीक्षा वेगळी आहे. मे महिन्यात घेतलेला टायर काही आठवड्यांतच जूनच्या पावसात उतरतो, आणि चोर्ला-आंबोलीचा पाऊस काय असतो ते या भागात सांगायला नको. कोरड्या डांबरावर ठीकठाक टायरसुद्धा बरी पकड देतो. स्वस्त आणि चांगल्या टायरमधला फरक ओल्या वळणावर आणि ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारताना कळतो. म्हणून बजेट कमी असेल तर पैसा आधी ओल्या रस्त्याच्या पकडीवर घालावा, रुंदी आणि नाव त्यानंतर.

टायरच्या अंगावरचे आकडे

समजा टायरवर '१९५/५५ आर १६ ८७ व्ही' असे लिहिले आहे. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ५५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १६ हा रिमचा इंचातला व्यास. ८७ हा वजन पेलण्याचा क्रमांक असून एका टायरला ५४५ किलो असा त्याचा अर्थ होतो. शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते: टी म्हणजे ताशी १९० किमी, एच २१०, व्ही २४० आणि डब्ल्यू २७०.

"आपल्याकडे २४० ने कोण चालवतंय?" असा प्रश्न इथे हमखास येतो. पण हे अक्षर टायर वेगात किती उष्णता सहन करतो याचेही माप आहे. उन्हाळ्यात भर दुपारी चार माणसे आणि सामान घेऊन पुणे-बेंगळुरू महामार्गावर दोन-तीन तास सलग गाडी पळवताना हीच क्षमता कामी येते. कंपनीने व्ही दिला असेल तर स्वस्त मिळतो म्हणून एच किंवा टी घालू नये. वजनाचा क्रमांकही मूळ टायरपेक्षा कमी नको.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आयएसआय चिन्ह. भारतात विकल्या जाणाऱ्या कार टायरला ते बंधनकारक आहे. दुसरी, डीओटी अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक. '१४२५' असेल तर टायर २०२५ च्या १४ व्या आठवड्यात तयार झालेला आहे. नीट साठवलेला सहा-आठ महिन्यांचा टायर घ्यायला हरकत नाही. पण दीड-दोन वर्षांचा जुना माल 'ऑफर'मध्ये पुढे केला जात असेल तर ताजा मागावा, नाहीतर भाव चांगलाच पाडून घ्यावा.

पकड किती, टिकेल किती?

बऱ्याच टायरच्या बाजूवर 'ट्रेडवेअर' असा शब्द आणि पुढे आकडा असतो. आकडा मोठा तेवढा टायर जास्त टिकणारा. खऱ्या स्पोर्ट टायरवर हा आकडा साधारण २०० ते ३४० च्या दरम्यान दिसतो, रोजच्या वापराच्या टायरवर ४०० किंवा त्याहून जास्त. मात्र हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची तुलना करायलाच तो उपयोगी. शेजारी 'ट्रॅक्शन' असते. एए सर्वात वरचा दर्जा, मग ए, बी, सी. ही चाचणी ओल्या पृष्ठभागावर पण सरळ रेषेत ब्रेक लावून होते, वळणावरच्या पकडीबद्दल ती काही सांगत नाही. तरीही दोन टायरमध्ये घोळ होत असेल तर ट्रॅक्शन ए किंवा एए असलेला निवडावा. 'टेम्परेचर' हा तिसरा दर्जा उष्णतेचा. त्यात ए उत्तम.

मऊ रबर रस्त्याला धरून राहते आणि लवकर झिजते, कडक रबर टिकते आणि घसरते. दोन्ही गुण पूर्णपणे एकाच टायरमध्ये मिळत नाहीत. रोज ऑफिस, आठवड्याला एखादा घाट आणि वर्षात दोन-तीन लांबचे प्रवास असा वापर असेल तर मधल्या वर्गातला टायर सर्वात फायद्याचा.

कोणत्या वर्गातला घ्यावा?

सीएट सेक्युराड्राइव्ह, अपोलो अल्नाक ४जी, एमआरएफ परफिन्झा, गुडइयर ॲश्युरन्स ट्रिपलमॅक्स २ ही मधल्या वर्गातली ओळखीची नावे. १५ आणि १६ इंची रिमच्या चपळ हॅचबॅक व सेडानसाठी शोध इथूनच सुरू करावा. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४, ब्रिजस्टोन पोटेंझा, व्रेडेस्टाईन अल्ट्रॅक व्होर्टी हे खरे परफॉर्मन्स टायर. त्यांची मापे बहुतेक १७ इंच आणि त्यापुढची असतात आणि भावही त्याच हिशोबाचा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायर आयातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून परवाना लागत असल्याने परदेशी मापे मिळवणे अवघड झाले. उद्या एक टायर फाटला तर त्याच मॉडेलचा जोडीदार मिळेल का, हे आज विचारून ठेवलेले बरे.

या बाबतीत देशात बनणाऱ्या टायरचा फायदा मोठा आहे, आणि मराठी माणूस जिथे पिढ्यान् पिढ्या राहतोय त्या बऱ्याच ठिकाणी हे कारखाने शेजारीच आहेत. एमआरएफचा गोव्यात उसगावला आणि हैदराबादजवळ सदाशिवपेठला, अपोलोचा वडोदऱ्याजवळ लिमड्याला, सीएटचा हालोलला, ब्रिजस्टोनचा इंदूरजवळ खेड्याला, जेके टायरचा ग्वाल्हेरजवळ बानमोरला. कारखाना जवळ म्हणून टायर स्वस्त मिळत नाही, पण माल आणि वॉरंटीची सोय मिळते.

रुंद टायर, मोठा रिम: किती आणि कशासाठी?

दुकानात "साहेब, एक साइज वर घ्या, गाडी रस्त्याला चिकटेल" असा सल्ला मिळतो. माप वाढवताना टायरचा एकूण व्यास मूळच्या तीन टक्क्यांच्या आत राहायला हवा, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो आणि टायर मडगार्डला घासू शकतो. १८५/६५ आर १५ चा व्यास सुमारे ६२१.५ मिमी, तर १९५/५५ आर १६ चा ६२०.९ मिमी. म्हणजे व्यासाचा हिशोब जुळतो. पण पहिल्याचा वजन क्रमांक सहसा ८८, म्हणजे ५६० किलो, आणि दुसऱ्याचा ८७, म्हणजे ५४५ किलो. व्यास जुळला तरी वजन पेलण्याची ताकद घटली, हे सहसा कोणी सांगत नाही. शिवाय बाजू बुटकी झाल्याने खड्ड्यात टायर कापण्याची आणि अलॉय वाकण्याची भीती वाढते. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, हेही लक्षात ठेवावे. सीमाभागातले रस्ते बघता कंपनीचे मूळ माप ठेवून त्यातच वरच्या दर्जाचा टायर घेणे जास्त शहाणपणाचे.

किमतीचा हिशोब असा करावा

टायरची किंमत किलोमीटरवर मोजावी. समजा एक टायर ६,००० रुपयांचा आणि तो ४०,००० किमी टिकतो. म्हणजे किलोमीटरला १५ पैसे. दुसरा ९,००० चा, पण ५०,००० किमी टिकतो. म्हणजे १८ पैसे. चार टायर धरले तर फरक १२ पैशांचा. वर्षाला १२,००० किमी फिरणाऱ्याला महाग टायर वर्षाकाठी १,४४० रुपये जास्त पडतो. ओल्या घाटात गाडी चार हात आधी थांबत असेल तर अनेकांना ही रक्कम जड वाटणार नाही. उलट गाडी फक्त शहरात फिरत असेल तर स्वस्त टायरही पुरे.

सीमा ओलांडली की स्वस्त पडतो का?

व्हॅटच्या काळात राज्याराज्यांत कर वेगळा होता, त्यामुळे कोल्हापूर, बेळगाव, पणजीचे भाव लोक ताडून पाहायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून कराचा दर सगळीकडे सारखाच आहे. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आता दोन शहरांच्या भावातला फरक म्हणजे फक्त दुकानदाराची सूट. त्यासाठी शंभर किलोमीटरचे पेट्रोल जाळण्यापेक्षा फोनवर तीन ठिकाणी भाव विचारावा. अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह धरून किती, हे विचारायला विसरू नये. "बिलाशिवाय घ्या, कमी लावतो" ही सवलत घेऊ नये, बिल नसेल तर वॉरंटीचा दावा करताना अडचण येते.

बसवल्यावरची काळजी

उन्हाळ्यात टायर फुटण्यामागे बऱ्याचदा कमी हवा असते. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, त्यातून उष्णता वाढते आणि शेवटी टायर फाटतो. म्हणून 'उन्हाळा आहे, हवा कमी ठेवा' हा सल्ला उलटा आहे. गाडी थंड असताना, दरवाजाच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे हवा भरावी. तापमान ५-६ अंशांनी वाढले की दाब सुमारे १ पीएसआय वाढतो, म्हणून प्रवासात गरम टायरची हवा सोडू नये. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्याची गरज नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे घालावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या वळणावर मागचा भाग घसरला की गाडी सावरणे सर्वात कठीण असते. नवा टायर पहिले काही शंभर किलोमीटर सबुरीने चालवावा. दर ८ ते १० हजार किमीला चाकांची अदलाबदल करून घ्यावी.

कायद्याने कारच्या टायरची खाच किमान १.६ मिमी हवी. खाचेत तळाशी असलेली छोटी पट्टी रबराच्या बरोबरीला आली की ती मर्यादा संपली. पण पावसात पाणी बाहेर फेकायला त्याआधीच खाच अपुरी पडू लागते. ३ मिमी उरली असेल आणि जून तोंडावर असेल तर वाट पाहू नये. विम्याच्या भरवशावरही राहू नये: नेहमीच्या पॉलिसीत फक्त टायरचे नुकसान झाले तर भरपाई मिळत नाही, आणि गाडीसोबत झाले तरी टायरच्या किमतीच्या निम्मीच मिळते.

पैसे देण्यापूर्वी एवढे पाहा

- माप, वजन क्रमांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरइतके किंवा वरचे आहे ना?
- चारही टायर एकाच मॉडेलचे आणि उत्पादनाचा आठवडा जवळजवळचा आहे ना?
- ट्रॅक्शन ए किंवा एए आणि टेम्परेचर ए आहे ना?
- जीएसटीसह पक्के बिल आणि वॉरंटी कार्डावर टायरचा क्रमांक लिहून मिळाला ना?
- स्टेपनीची तारीख पाहिली का? न वापरताही रबर जुने होते. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांपुढे कोणताच वापरू नये.