आकाशातील पसारा आणि पडद्यावरचा पृथ्वीगोल

2 एप्रिल 2022 च्या रात्री विदर्भातील पुष्कळ लोकांनी आकाशातून जळत्या रेषा सरकताना पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी, धातूचे एक भले मोठे कडे येऊन पडले. ते एका चिनी अग्निबाणाचा अवशेष असावे, असा जाणकारांनी तर्क केला. आकाश म्हणजे निव्वळ पोकळी, ही आम्हां सर्वांची समजूत त्या रात्री ढासळली.

या पसाऱ्याचा आरंभ 4 ऑक्टोबर 1957 रोजी स्पुटनिकने झाला. तो तीन महिन्यांत जळून गेला. परंतु मार्च 1958 मध्ये अमेरिकेने सोडलेला, जेमतेम दीड किलो वजनाचा व्हॅन्गार्ड अद्यापि फिरतोच आहे. उपग्रह सोडणे निराळे आणि तो या घटकेला कोठे आहे हे सांगणे निराळे. त्याकरिता जगात 12 ठिकाणी बेकर-नन कॅमेरे बसविण्यात आले. त्यांपैकी एक 1958 सालीच आपल्या नैनीतालला आला. उपग्रहाची छबी टिपावयाची आणि ताऱ्यांशी ताडून त्याचे स्थान काढावयाचे, असा तो उद्योग होता.

पुढे रडारची जोड मिळाली आणि प्रत्येक वस्तूची कक्षा 69-69 अक्षरांच्या दोन ओळींत लिहिण्याची पद्धत रूढ झाली. कक्षेचा कल किती, ती वर्तुळापासून किती लांबट, दिवसाला फेरे किती, हे सारे त्यांत येते. 1985 पासून टी. एस. केल्सो यांनी ‘सेलेस्ट्रॅक’द्वारे हे आकडे सर्वांस खुले केले. त्यांवरूनच आजचे संगणकावरील पृथ्वीगोल तयार होतात. 2015 साली ‘स्टफ इन स्पेस’ नावाचा असा एक गोल निघाला. बोटाने तो फिरवावा, एखाद्या ठिपक्यावर टेकावे, की त्याचे नाव आणि मार्ग समोर येतो.

मात्र हे चित्र पाहताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पृथ्वी एक फूट व्यासाची काढली, तर एक मिलिमीटरचा ठिपका सुमारे 40 किलोमीटर जागा व्यापतो. म्हणजे वीतभर तुकडाही तेथे जिल्ह्याएवढा दिसतो. उलट, एक सेंटिमीटरहून मोठे तुकडे दहा लाखांवर असावेत, असा युरोपीय अवकाश संस्थेचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेकांना त्या गोलावर स्थानच नाही, कारण ते रडारला सापडत नाहीत.

शिवाय ठिपक्याची जागा डोळ्यांनी पाहिलेली नसते, ती गणिताने काढलेली असते. 10 फेब्रुवारी 2009 रोजी सैबेरियावर इरिडियम 33 आणि निकामी झालेला कॉसमॉस 2251 एकमेकांवर आदळले. दोघांचीही नोंद होती. खुल्या आकड्यांवरून केलेल्या गणिताने ते 584 मीटर अंतराने जातील असे सांगितले होते. त्या चुकीची किंमत म्हणून दोन हजारांहून अधिक नवे तुकडे यादीत आले.

मग या गोलाचा उपयोग काय? 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर ती सोडणारे राष्ट्र भरपाईस बांधलेले आहे. पण पडलेले कडे कोणाचे, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरविण्यास ही दोन ओळींची नोंदच उपयोगी पडते. शेतात काम करणाऱ्या लाडबोरीच्या माणसाने अग्निबाण सोडला नव्हता. त्याच्या डोक्यावरून काय फिरते आहे, हे त्याला विचारता आणि पाहता आले पाहिजे. ही वही सर्वांस खुली राहावी, असा आग्रह आपण सर्वांनी धरावयास हवा, असे आम्हांस वाटते.