मधाचा बहर आणि मनुष्याचा हात

राज्यें उदयास कशीं आलीं आणि लयास कशीं गेलीं, याचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या लहानसान वस्तु आपल्या देवघरांत, स्वयंपाकघरांत आणि औषधाच्या खलांत नित्य असतात, त्यांच्या इतिहासाकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. पंचामृतांतील मध ही अशीच एक वस्तु आहे. तो आपल्यापर्यंत कोणत्या मार्गानें आला, आणि तो देणाऱ्या जीवाशीं मनुष्यानें कसा व्यवहार केला, हें पाहूं लागलें असतां एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. ती ही कीं, कित्येक शतकें मधाची समृद्धि हेंच मोहोळाच्या नाशाचें कारण होतें. ज्या मोहोळांत मध अधिक, त्यावर मरण आधीं यावयाचें. ही उलटी रीति कशी बदलली, आणि खरोखर कितपत बदलली, याचा थोडासा विचार आम्ही येथें करणार आहों.

आपल्या पूर्वजांस मधाची पारख उत्तम होती. चरकसंहितेंत माक्षिक, भ्रामर, क्षौद्र व पौत्तिक असे मधाचे चार प्रकार सांगितले आहेत, व ते माशीच्या जातीवरून पाडलेले आहेत. आमच्या रानांतील मनुष्यासहि सातेरी, आग्या, फुलोरी या माशा नांवानिशीं ठाऊक असत. पण पारख असणें निराळें आणि पालन करणें निराळें. हिमालयांतील कांहीं खेड्यांत घराच्या भिंतींतच माशांसाठीं जागा राखण्याची जुनी चाल आहे, तेवढा अपवाद सोडला तर सर्वसाधारण रीति लुटीचीच. रात्रीं गवताची चूड पेटवून मोहोळाखालीं धरावी, माशा जळाल्या किंवा उडाल्या म्हणजे पोळें कापून घ्यावें, आणि तें हातानें पिळावें. त्या पिळण्यांत मधाबरोबर अंडीं आणि अळ्याहि चिरडल्या जात. मध गढूळ निघे व लवकर आंबे. आणि वसाहत तर गेलेलीच असे.

युरोपांत माशा परसांत पाळण्याची चाल जुनी होती. पण तेथील प्रकार याहून फारसा दयाळू नव्हता. पेंढ्याच्या वेटोळ्यांनीं विणलेल्या, पालथ्या घातलेल्या टोपल्या हींच त्या माशांचीं घरें. हिवाळ्यापूर्वीं मालक एकेक टोपली उचलून तिचें वजन पाही. जी फार हलकी, ती हिवाळा काढणार नाहीं. जी फार जड, तिच्यांत मध भरपूर. या दोन्ही प्रकारच्या टोपल्या जळत्या गंधकाच्या खड्ड्यावर ठेवून आंतील माशा गुदमरवून मारीत, आणि मधल्या वजनाच्या तेवढ्या पुढील वर्षासाठीं राखीत. म्हणजे दुर्बळ आपल्या दौर्बल्यामुळें मरे, आणि उद्योगी आपल्या उद्योगामुळें! हें क्रौर्य कोणास दिसत नव्हतें असें नाहीं. परंतु पोळीं टोपलीच्या आंतल्या अंगास चिकटलेलीं असत. तीं मोडल्यावांचून मध हातीं कसा यावा, हें बहुतेकांस ठाऊक नव्हतें. दोष केवळ मनाचा नव्हता, घराच्या रचनेचाहि होता.

हें घर उघडण्याचा पहिला मोठा यत्न एका अंध मनुष्याच्या हातून व्हावा, हें विशेष होय. जिनिव्हा येथील फ्रान्स्वा ह्यूबर याचा जन्म १७५० सालचा. तरुणपणींच त्याची दृष्टि गेली. पुढें बर्नेन्स नांवाच्या सेवकाच्या डोळ्यांनीं तो पाहूं लागला. पुस्तकाच्या पानांप्रमाणें उघडणारी पेटी त्यानें तयार करविली, आणि तिच्यांतून मिळालेलें ज्ञान १७९२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. त्यानंतर सिलेशियांतील पाद्री यान झिएर्झोन यानें पोळीं आडव्या पट्ट्यांस लटकवून तीं बाहेर काढण्याची युक्ति केली. पण पोळ्याच्या कडा भिंतीस चिकटत, आणि प्रत्येक वेळीं सुरी चालवावीच लागे.

ही सुरी दूर केली ती अमेरिकेंतील धर्मोपदेशक लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यानें. १८५१ सालीं त्याच्या मनांत जी गोष्ट उजाडली, ती ऐकावयास अगदीं साधी आहे. माशा आपल्या जाण्यायेण्यासाठीं सुमारें पाव ते ३/८ इंच रुंदीची वाट मोकळी ठेवतात. फट याहून अरुंद असेल तर ती झाडांच्या चिकानें बुजवितात. याहून रुंद असेल तर तेथें पोळें बांधतात. मग चौकट आणि पेटी यांच्यामध्यें सर्व बाजूंनीं नेमकी तेवढीच वाट राखली, तर चौकट कशासहि चिकटणार नाहीं व हवी तेव्हां उचलतां येईल. माशांच्या सवयीस वांकविण्याऐवजीं तिला मान देऊन त्यानें हें घर बांधलें. १८५२ मध्यें त्यास पेटंट मिळालें, पण पैसा फारसा मिळाला नाहीं; लोकांनीं त्याची पेटी खुशाल उचलली. विषण्णतेच्या विकारानें त्यास जन्मभर गांजलें. १८९५ सालीं प्रवचनास उभा असतांनाच त्यानें देह ठेवला.

चौकट सुटी झाली आणि पुढील शोध आपोआप तिच्याभोंवतीं जमले. १८५७ सालीं जर्मनींतील योहान्नेस मेहरिंग यानें घरांचे ठसे उमटविलेला मेणपत्रा केला, म्हणजे माशांस पोळ्याचा पाया आयता मिळूं लागला. १८६५ सालीं ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील निवृत्त अधिकारी फ्रान्झ फॉन ह्रुश्का यानें पोळें गरगर फिरवून मध बाहेर फेकणारें यंत्र लोकांपुढें मांडलें. एक शेर मेण करण्यास माशांस कित्येक शेर मध खर्चावा लागतो. आतां रिकामें झालेलें पोळें जसेंच्या तसें त्यांस परत देतां येऊं लागलें. मध घेऊनहि घर शाबूत ठेवणें हें प्रथमच घरोघरच्या माणसाच्या आवांक्यांत आलें.

परंतु साधन हातीं आलें म्हणजे शहाणपण आलें, असें होत नाहीं. त्याची परीक्षा मधाच्या बहरांत होते. फुलें एकदम फुलतात, दिवस उघडे असतात, आणि पेटीच्या दाराशीं माशांची रीघ लागते. हा बहर फार तर कांहीं आठवड्यांचा. म्हणून त्याची तयारी आधींच झालेली असावी लागते. युरोपीय कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांनीं बाहेर पडते, आणि आणखी सुमारें तीन आठवडे घरकाम केल्यावर फुलांवर जाऊं लागते. अर्थात् बहराच्या पहिल्या दिवशीं जी माशी फुलावर हवी, तिचें अंडें सहा आठवडे आधीं घातलेलें पाहिजे. बहर आल्यावर जागा होणारा मधुपाळ नेहमीं उशिरा जागा झालेला असतो.

बहरांत मधुपाळाचें मुख्य काम मध घेणें हें नव्हे, तर जागा देणें हें होय. फुलांतील मकरंद पाण्यासारखा पातळ असतो. माशा तो घरोघरीं थेंबाथेंबानें पसरतात, पंखांनीं वारा घालतात, आणि पाण्याचा अंश पांचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी झाला म्हणजे मेणाचें झांकण लावतात. तयार मधास जेवढी जागा लागते, त्याहून कितीतरी अधिक जागा या कच्च्या मकरंदास लागते. ती वर न मिळाली तर माशा खालीं पिलांच्या घरांतच तो भरूं लागतात. राणीस अंडीं घालण्यास ठाव राहत नाहीं. आणि दाटीनें कोंडलेली वसाहत नवी राणी करण्याच्या तयारीस लागून अर्धीअधिक उडून जाते. म्हणून जाणता मधुपाळ खालची मधकोठी पुरती भरण्यापूर्वींच दुसरी चढवितो. १८९२ सालीं अमेरिकेंतील केंटकीचा जॉर्ज डिमारी यानें अशी युक्ति प्रसिद्ध केली कीं, राणीस खालीं रिकाम्या पोळ्यांवर ठेवावें, आणि मध्यें राणीरोधक जाळी घालून पिलांच्या चौकटी वर चढवाव्या. एकाच छताखालीं दोन बिऱ्हाडें झाल्यासारखें माशांस वाटतें, आणि उडून जाण्याची ओढ शमते. आज शंभरांहून अधिक वर्षांनीं हीच युक्ति परसांतील मधुपाळ वापरतात.

दुसरा संयम मध काढण्याचा. झांकण न लागलेला मध काढला तर तो आंबतो. म्हणून चौकटीचा बहुतेक भाग झांकलेला दिसेपर्यंत हात आवरावा लागतो. आणि तिसरा संयम सर्वांत अवघड: पिलांच्या घरांतील मधास हात लावावयाचा नाहीं.

आपल्या देशांत ही विद्या येण्यास वेळ लागला. १८८० नंतर बंगाल्यांत जॉन डग्लस यानें यत्न केले. दक्षिणेंत फादर न्यूटन यानें १९१० नंतरच्या वर्षांत एतद्देशीय सातेरी माशीस शोभेल अशी लहान पेटी बनविली, व लोकांस शिकविलें. ती पेटी त्याच्याच नांवानें ओळखली जाते. महाराष्ट्रांत महाबळेश्वराचा डोंगर हें या धंद्याचें माहेरघर ठरलें. १९६२ सालीं पुणें येथें मधमाशांच्या संशोधनाची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, आणि २०२२ सालीं महाबळेश्वराजवळील मांघर हें ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें.

सह्याद्रीनें या शास्त्रास आपला स्वतंत्र धडा जोडला आहे. जांभूळ, हिरडा, गेळा हे वर्षावर्षाचे दाते. पण कारवी सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलते. त्या वर्षीं डोंगरच्या डोंगर जांभळे होतात, पेट्या भरून वाहतात, आणि मग ती झाडें बीं टाकून मरून जातात. शिवाय आमच्याकडील दुष्काळ हिवाळ्याचा नव्हे, पावसाळ्याचा. आषाढाच्या धारांत माशी बाहेर पडूं शकत नाहीं. सातेरीचा स्वभावहि असा कीं, घरांत कांहीं उरलें नाहीं म्हणजे ती राहत नाहीं. एखाद्या सकाळीं सारी वसाहत पेटी सोडून निघून जाते. युरोपची माशी टोपलींत मुकाट्यानें गुदमरली. आमची माशी अन्यायास घर सोडून उत्तर देते.

म्हणूनच आम्हांस वाटतें, सुटी चौकट हा अर्धाच शोध होता. तिनें मोहोळ न मोडतां मध घेण्याची सोय केली. त्याबरोबर मोहोळ न मोडतां सगळाच मध घेण्याचीहि सोय केली. पुष्कळ ठिकाणीं आज हेंच चालतें: मध सारा आपण न्यावा, आणि माशांस साखरेचें पाणी पाजावें. पावसाळ्यांत अडल्यावेळीं दिलेलें साखरेचें पाणी ही दया आहे. तेंच नेहमींचें झालें म्हणजे ती गंधकाच्या खड्ड्याची सभ्य आवृत्ति होय. टंचाईंत थोडक्यावर भागविणें मनुष्यास परिस्थितीच शिकविते. समृद्धींत किती सोडावें, हें मात्र त्याचें त्यासच ठरवावें लागतें. परसांत एखादी पेटी ठेवण्याची हौस आतां शहरांतल्या कुटुंबांतहि वाढत आहे. त्या हौशी मंडळींस आमचें सांगणें इतकेंच कीं, बहर ओसरल्यावर आपल्या बरण्या मोजण्याआधीं खालच्या कोठींतील चौकटी मोजाव्या.