एका दुरुस्तीची बखर

संगणकाच्या इतिहासावर मराठीत जे लिहिले जाते त्यात यंत्रे असतात, कंपन्या असतात, अब्जाधीश असतात. भाषा सहसा नसते. मला मात्र या इतिहासातले सर्वांत रंजक प्रकरण भाषेचे वाटते, आणि दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते चटकन उमजेल अशी माझी समजूत आहे. प्रकरण १९९८ सालचे; मुळे थोडी मागे जातात.

प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा त्यातली चूक शोधणे अवघड. धावता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवायचा, त्या क्षणी त्याच्या पोटात कोणत्या खणात काय आहे ते पाहायचे, मग एकेक पाऊल पुढे सोडायचे, यासाठी जे साधन असते त्याला डीबगर म्हणतात. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात मार्क लिंटन यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी डीबीएक्स नावाचा डीबगर लिहिला. १९८६ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीडीबी लिहिला. सॉफ्टवेअर सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता आले पाहिजे, या आग्रहापायी ग्नू प्रकल्प उभा करणारे ते हेच स्टॉलमन.

जीडीबीशी बोलायचे ते टंकून. पडद्यावर कंसात स्वतःचे नाव लिहून तो थांबतो, जणू हुकमाची वाट पाहतो. आपण ‘ब्रेक’, ‘रन’, ‘प्रिंट’ असे शब्द टंकायचे आणि त्याने इंग्रजी वाक्यात उत्तर द्यायचे. ही वाक्ये माणसाने वाचावीत म्हणून लिहिलेली. ती दुसरे एखादे यंत्र कान देऊन ऐकेल, हा विचार ती लिहिताना कोणी फारसा केलेला नव्हता.

पुढे पडद्यावर खिडक्या आल्या, माउस आला, आणि डीबगरलाही चेहरा हवा असे लोकांना वाटू लागले. त्याला दोन वाटा होत्या. एक म्हणजे डीबगरच्या अंगातच खिडकी शिवून टाकायची. सिग्नस कंपनीने ‘इनसाइट’ या नावाने ते केले. दुसरी वाट म्हणजे डीबगरला हातही न लावता त्याच्या शेजारी एक दुभाष्या बसवायचा. माणसाने बटण दाबले की दुभाष्याने डीबगरला शब्द सांगायचा, उत्तर ऐकायचे आणि त्याचे चित्र काढायचे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग तांत्रिक विद्यापीठात आंद्रेआस त्सेलर आणि डोरोथेआ ल्यूटकेहाउस यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास असाच एक दुभाष्या घडवला. त्याचे नाव डीडीडी, म्हणजे डेटा डिस्प्ले डीबगर. जीडीबीच नव्हे, तर डीबीएक्ससारख्या इतर डीबगरांशीही तो बोलू शके.

हा डीडीडी मी वर्गात वापरला आहे. माझ्यापुढची निम्मी मुले मराठी शाळांतून आलेली, निम्मी कन्नड शाळांतून. जीडीबीची इंग्रजी वाक्ये दोघांनाही सारखीच परकी. ‘पॉइंटर’ म्हणजे काय हे फळ्यावर समजावताना घसा बसे. डीडीडीत मात्र प्रत्येक खण चौकटीत दिसे आणि एका चौकटीतून दुसरीकडे बाण जाई. एकेक पाऊल पुढे टाकले की साखळीत नवी कडी गुंफलेली डोळ्यांना दिसे. एकही वाक्य न वाचता मुले साखळीतली तुटलेली कडी बोटाने दाखवत. भाषेची अडचणच संपली, असे तेव्हा कोणालाही वाटले असते.

भाषा संपली नव्हती. ती चित्राच्या पाठीमागे जाऊन बसली होती.

पडद्यामागचा कारभार मोठा नाजूक असतो. बहुतेक प्रोग्रॅम समोर टर्मिनल आहे असे वाटले तरच ओळीगणिक बोलतात. साध्या नळीतून बोलायला लावले तर उत्तरे साठवून एकदम ओततात. म्हणून दुभाष्या खोटे टर्मिनल उभे करतो आणि डीबगरला भासवतो की समोर माणूसच बसला आहे. उत्तर कुठे संपले हे कसे ओळखायचे? कंसातले नाव पुन्हा उमटले की संपले. पण तपासला जाणारा प्रोग्रॅमच ती अक्षरे छापू लागला तर? म्हणून त्याचे बोलणे शक्यतो वेगळ्या खिडकीत वळवायचे. उत्तर लांबले तर जीडीबी पान भरल्यावर थांबून ‘पुढे जाऊ का?’ असे अदबीने विचारतो. माणसाला ती सोय. दुभाष्याला तो चकवा. म्हणून डीडीडी आरंभीच जीडीबीला सांगून ठेवी की पानाची उंची शून्य धर, म्हणजे थांबूच नकोस.

जीडीबीकडून थोडी मदतही होती. स्टॉलमन यांच्याच ईमॅक्स या संपादकासाठी एक सोय करून ठेवली होती: प्रोग्रॅम थांबला की जीडीबी दोन अदृश्य खुणा, त्यापुढे फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक छापी. ती चिठ्ठी माणसासाठी नव्हतीच. ती वाचून संपादक नेमक्या ओळीपुढे बाण काढी. बाकी सारे मात्र दुभाष्याने वाक्यांतूनच वेचायचे.

आणि मग जीडीबीची ४.१७ ही आवृत्ती आली. ४.१६पर्यंत सुरळीत चाललेला डीडीडी एका बाबतीत बिनसला. प्रोग्रॅम सुरू करताना द्यायची माहिती खिडकीत भरली तरी प्रोग्रॅमपर्यंत पोहोचेना. दोन आवृत्त्यांमध्ये १,७८,००० ओळी बदललेल्या! त्सेलर यांनी शोधाचे काम यंत्रावरच सोपवले. बदल ८,७२१ सुट्या तुकड्यांत विभागायचे, त्यांतले काही लावायचे, जीडीबी बांधायचा, डीडीडी चालतो का पाहायचे, आणि संशयितांची संख्या कमी करत जायचे. सरतेशेवटी एकच बदल उरला. त्सेलर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही हकीकत आहे, आणि ‘डेल्टा डीबगिंग’ ही पद्धत त्या निबंधामुळेच नावारूपाला आली.

तो बदल काय होता? एक व्याकरणाची दुरुस्ती. प्रोग्रॅमला कोणती माहिती दिली आहे असे विचारले की जुना जीडीबी ‘आर्ग्युमेंट्स’ या अनेकवचनी शब्दाने वाक्य सुरू करी आणि क्रियापद मात्र एकवचनी ‘इज’ वापरी. कोणा काटेकोर माणसाने तेथे ‘आर्ग्युमेंट लिस्ट’ केले. कर्ता एकवचनी झाला, वाक्य शुद्ध झाले, आणि अशुद्ध वाक्य अक्षरशः पाठ केलेला दुभाष्या बहिरा झाला.

चूक कोणाची? मी कोणालाही दोष देणार नाही. दुरुस्ती करणाऱ्याने योग्यच केले. दुभाष्याला जे ऐकू आले तेच त्याने शिकून घेतले. आपल्याकडे कन्नडमधून मराठीत आलेल्या नावाची एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली तर कचेरीतला कारकून ‘हा माणूस वेगळा’ म्हणतो. माणूस तोच आहे हे शेजाऱ्याला कळते, कारण तो अक्षर नव्हे, ओळख वाचतो. डीडीडी त्या कारकुनाच्या जागी होता.

उपाय जीडीबीकडूनच आला. यंत्रांशी बोलण्याची वेगळी बोली २०००च्या ५.० आवृत्तीत आली आणि पुढल्या वर्षी ५.१मध्ये सुधारून सर्वांना खुली झाली. तिचे नाव एमआय, म्हणजे मशीन इंटरफेस. या बोलीत विनंतीला क्रमांक देता येतो आणि उत्तर तोच क्रमांक घेऊन परत येते. काम झाले असेल तर ओळीच्या आरंभी टोपीसारखी खूण. प्रोग्रॅम थांबला तर तारका. माणसासाठीचे बोलणे असेल तर नागमोडी रेघ. म्हणजे माणसासाठीची वाक्ये अजून येतातच, पण खिडकीने ती नुसती दाखवायची, त्यांचा अर्थ लावायचा नाही. ती वाक्ये उद्या कोणी जर्मनमध्ये किंवा मराठीत आणली तरी खिडकीचे काही अडत नाही. २०२३च्या अखेरीस आलेल्या १४व्या आवृत्तीत जीडीबी आणखी एक बोली शिकला, डीबग ॲडॅप्टर प्रोटोकॉल. ही व्हिज्युअल स्टुडिओ कोड या संपादकाबरोबर रुळली आणि अनेक भाषांच्या डीबगरांना समाईक आहे.

माणसासाठीची जुनी बोलीही चालूच आहे. आज जीडीबी उघडून ‘शो आर्ग्ज’ असे टंकले तर ‘आर्ग्युमेंट लिस्ट’नेच सुरू होणारे ते दुरुस्त वाक्य उमटते.