‘इंग्रजांचं राज्य बरं होतं’ म्हणण्याआधी



दाखल्यासाठी तालुक्याला तीन खेपा झाल्या, रेशनच्या मशीनवर अंगठा उठला नाही, निवडून गेलेला पुढारी पाच वर्षं फिरकला नाही, की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘यापेक्षा इंग्रजांचं राज्य बरं होतं.’ एस्टीत ऐकू येतं, पारावर ऐकू येतं, बचत गटाच्या मीटिंगमध्येही कुणीतरी बोलून जातं. त्याच्या मागोमाग दुसरं येतं, ‘या देशाला दंडुकेवाला हुकूमशहाच पाहिजे.’ असं म्हणणारा माणूस वाईट नसतो, कंटाळलेला असतो. त्याचा राग खरा आहे. पण ते राज्य आपल्या मुरबाड-शहापूरच्या रानात कसं होतं, ते आज जरा बघू.

टोकावड्याहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की पुढे वैशाखरे येतं आणि तिथून नाणेघाटाची वाट वर चढते. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांचा व्यापार या वाटेने चालायचा. वर लेण्यात नागनिका राणीचा मोठा लेख कोरलेला आहे. एका बाईने कारभार पाहिला, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. लेखात यज्ञ किती केले, गाई किती दान दिल्या, नाणी किती वाटली, सगळं मोजून लिहिलं आहे. घाटमाथ्यावर दगडाचा रांजण आहे, त्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात. पण ओझी वाहून घाट चढणाऱ्यांबद्दल त्या लेखात काही सापडत नाही. राज्य कुणाचंही असो, दगडावर ते आपलं देणं लिहितं, घेणं लिहीत नाही. इंग्रजांबद्दल बोलतानाही हे ध्यानात ठेवा.

आपला हा भाग पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला तो १८१७-१८च्या सुमाराला. त्यांनी जमिनी मोजल्या, सारा ठरवला, कागद केले. मग त्यांची नजर रानाकडे वळली. आगगाडीच्या रुळांखाली घालायला, जहाजं बांधायला, मुंबईच्या इमारतींना लाकूड हवं होतं. १८७८चा जंगल कायदा आला आणि बरंचसं रान ‘राखीव’ झालं. कालपर्यंत जे आपलं म्हणून वापरलं, त्यात शिरायला आता परवानगी लागू लागली.

आता राबाचं बघा. तुम्हाला राब काय ते सांगायला नको. कवळं तोडायची, पातेरा गोळा करायचा, शेण-गवताचे थर द्यायचे, वर माती टाकायची आणि पावसाआधी भाजायचं. त्या राखेत भाताचं, नागलीचं रोप तरारून येतं. साहेबांना मात्र हा झाडांचा नाश दिसला. कवळं तोडण्यावर बंधनं आली. ज्या बाईने डोक्यावर कवळाचा भारा आणला, ती कायद्यापुढे चोर ठरू लागली. ठाणे जिल्ह्यातून तक्रारी इतक्या वाढल्या, की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याच्या कामात आपल्या या राबाचा प्रश्न मोठा होता. लंडनहून चालणारं साम्राज्य आपल्या राबात अडकलं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

मोहाचं तर त्याहून पुढे. १८९२ साली मुंबई सरकारने खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा केला. कारण काय, तर घरी दारू गाळली की सरकारी दारू खपत नाही आणि अबकारीचं उत्पन्न बुडतं. दारू वाईट, हे आपण बायकांना कुणी शिकवायला नको. पण तो कायदा दारू बंद करायला आला नव्हता. दारू सरकारच्या दुकानातूनच प्यावी, यासाठी आला होता. मोहाचं फूल काही फक्त दारूचं नाही. ते वाळवून ठेवतात, उकडून खातात, टंचाईच्या दिवसांत पोट भरतात. पहाटे झाडाखाली वेचलेलं ते फूल बाळगायला, विकायलासुद्धा सरकारची बंधनं! ‘शिस्तीचं राज्य’ म्हणतात ते हे.

कुणी म्हणेल, आगगाडी त्यांनी आणली, धरण त्यांनी बांधलं. बरोबर आहे. तानसा धरण १८९२चं, आपल्याच शहापूर तालुक्यातलं. पाणी गेलं मुंबईला. पुढे आपल्या सरकारने भातसा बांधलं, त्याचंही पाणी मुंबईला जातं आणि शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. त्यामुळे सगळं पाप इंग्रजांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. फरक एवढाच, की टँकरसाठी आज हंडा मोर्चा काढता येतो, साहेबाच्या टेबलावर हंडा आपटता येतो.

तेव्हा असं काही करणाऱ्याचं काय व्हायचं, ते सिद्धगडावर दिसतं. भाई कोतवाल माथेरानचे, नाभिक घरातले, वकील झालेले. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की शेतकरी खावटीसाठी सावकाराच्या दारात जायचा आणि पुढे वर्षभर त्याचा गुलाम व्हायचा. ते थांबावं म्हणून भाईंनी धान्यकोठी काढली. आपल्या बचत गटाची थोरली बहीणच म्हणा ना. १९४२ साली ‘चले जाव’ सुरू झाल्यावर त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभा केला. मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडायचं काम या दस्त्याने केलं. सरकारने त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावलं. २ जानेवारी १९४३ला पहाटे पोलिसांनी सिद्धगडाच्या रानात त्यांना गाठलं. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील दोघेही मारले गेले. मुरबाड तालुक्यातली ही जागा, दरवर्षी तिथे लोक जमतात. आपल्यातल्या किती जणी तिथे गेल्या आहेत?

त्याच १९४३ साली तिकडे बंगालमध्ये दुष्काळ पडला. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला होता. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या आणि धान्य काढून घेतलं. भाव आकाशाला भिडले. सरकार मात्र दुष्काळ जाहीरच करेना, कारण जाहीर केला की मदत देणं बंधनकारक होतं. शेवटी एका वर्तमानपत्राने रस्त्यावर पडलेल्या प्रेतांचे फोटो छापले, तेव्हा जगाला कळलं. मेलेल्यांचा अंदाज वीस ते तीस लाख सांगतात. युद्ध चालू होतं हे खरं, पण जाब विचारायला कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता आपला १९७२चा दुष्काळ आठवा. मिलो ज्वारी आणि सुकडी अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. घाटावर विहिरी आटल्या, गुरं विकली गेली, बायकांनी उन्हात खडी फोडली. हाल खूप झाले. पण मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. खेड्यापाड्यांतून कामाची मागणी झाली, पेपरात बातम्या आल्या, विरोधी पक्ष सभागृहात भांडले. सरकारला कामं काढावीच लागली. एका वेळी जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. बंगालसारखे लाखो बळी महाराष्ट्रात पडले नाहीत आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. सत्तेवर कोण बसलंय यापेक्षा तिला खडसावायला कोण मोकळं आहे, यावर गरिबाचं पोट अवलंबून असतं, असं मला यातून वाटतं.

हुकूमशहा हवा म्हणणाऱ्यांना आणीबाणी आठवत नाही का? आठवते. पण ‘गाड्या वेळेवर धावत होत्या’ एवढीच आठवते. जून १९७५ ते मार्च १९७७, एकवीस महिने. निवडून दिलेल्यांना विनाचौकशी तुरुंगात टाकलं. मृणालताई तुरुंगात गेल्या. दुर्गाबाई भागवत कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. मंत्री समोर बसलेले असताना त्या निर्भयपणे बोलल्या, पुढे त्यांनाही अटक झाली. आणि नसबंदी! १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ऐंशी लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांना, कर्मचाऱ्यांना आकडे ठरवून दिलेले. आपल्या महाराष्ट्राच्या विधानसभेने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही, म्हणून ते लागू झालं नाही.

याच्या उलट युरोपात रुमानिया नावाचा देश आहे. तिथल्या चाउशेस्कू या हुकूमशहाला लोकसंख्या वाढवायची होती. १९६६ साली त्याने गर्भपाताला बंदी केली. गर्भनिरोधकं मिळेनाशी झाली, कारखान्यात बायकांना तपासायला डॉक्टर यायचे. चोरून गर्भपात करताना हजारो बायका मेल्या. १९८९ साली तो पडला, तेव्हा तो हुकूम लगेच रद्द झाला. एकीकडे सत्ता म्हणते मूल नको, दुसरीकडे म्हणते झालंच पाहिजे. दंडुका हातात आला की तो आपल्या पोटापर्यंत पोचतो, त्यात फरक पडत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वेठबिगारी रद्द करणारा कायदा याच आणीबाणीत, १९७६ साली झाला. चांगला कायदा होता. तरी पुढची कितीतरी वर्षं आपल्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको मालकाच्या घरी राबतच राहिले. सुटका सुरू झाली ती १९८२च्या पुढे, श्रमजीवी संघटनेसारख्या संघटना उभ्या राहिल्यावर आणि वेठबिगारांनी स्वतः तहसीलदारापुढे उभं राहून ‘मी वेठबिगार आहे’ असं सांगितल्यावर. आणि १९७७ला लोकांनी मतपेटीतून आणीबाणीवाल्यांना घालवलं, १९८०ला त्यांनाच परत आणलं. चूक की बरोबर, ज्याचं त्याने ठरवावं. पण ठरवलं लोकांनी.

राखीव रानाची गोष्ट अजून संपलेली नाही. २००६ साली वनहक्क कायदा झाला. इंग्रजांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही आदिवासींवर आणि रानावर जगणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्या कायद्यात सरकारने स्वतः लिहून दिलंय. मोह आता गौण वनोपज म्हणून गोळा करण्याचा हक्क आहे. दावा कुणाचा खरा, याची सुरुवात साहेबाच्या टेबलावरून होत नाही, ग्रामसभेतून होते. त्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. तेवढ्या नसतील तर सभेचा कोरम पुरा होत नाही. तुमच्या गावात वनहक्काची सभा झाली असेल, तर तिचं रजिस्टर मागून बघा. किती बायकांच्या सह्या आणि अंगठे आहेत ते मोजा, आणि त्यातल्या किती जणींना आपण त्या सभेला होतो हे ठाऊक आहे, तेही विचारा.