वर्म, चिलखत आणि तुरा

‘त्यानं नेमकं वर्मावर बोट ठेवलं’ असं आपण म्हणतो तेव्हा वर्म म्हणजे दुखरी, उघडी पडलेली जागा. संस्कृतात ‘वर्मन्’ म्हणजे नेमकं उलट. ‘वृ’ म्हणजे झाकणे, वेढणे, त्या धातूपासून आलेलं ते चिलखत. उलगडा असा की मराठीतलं वर्म हे मुळात ‘मर्म’ आहे. बोलता बोलता पहिल्या ‘म’चा ‘व’ झाला आणि शरीरातल्या सर्वांत नाजूक जागेला तिच्यावर घालायच्या कवचाचंच नाव मिळालं.

हे दोन शब्द फार जुने शेजारी आहेत. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातलं पंचाहत्तरावं सूक्त युद्धसामग्रीचं आहे. धनुष्य, दोरी, भाता, रथ, घोडे अशा एकेका वस्तूची त्यात स्तुती येते. शेवटाकडे पुरोहित योद्ध्याला सांगतो, की तुझी मर्मं मी वर्मानं झाकतो. पण मला त्या सूक्ताची दोन टोकं जास्त मोलाची वाटतात. पहिल्याच ऋचेत चिलखत घालून रणात निघालेला वीर मेघासारखा दिसतो, असं म्हटलं आहे. बाण अजून सुटलेला नाही, चिलखत कशाला अडलेलं नाही. ते नुसतं दिसतं आहे आणि तेवढ्यानंच त्याचं काम सुरू झालं आहे. शेवटच्या ऋचेत मंत्र हेच माझं आतलं वर्म आहे, असं येतं. म्हणजे सूक्त सुरू होतं ते बघणाऱ्याच्या मनापाशी आणि संपतं ते घालणाऱ्याच्या मनापाशी. चिलखत आधी लोखंडाचं होतं आणि मनाचा अर्थ त्याला कवींनी मागाहून चिकटवला, हा समज इथेच गळून पडतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की चिलखताचं निम्मं काम पहिल्यापासून मनावरचं होतं आणि चिलखताच्या शब्दांनी ते नीट जपून ठेवलं आहे.

मी बंगळुरूच्या कोरमंगलात राहतो, म्हणून ‘वर्मन्’चा कर्नाटकातला प्रवास आधी सांगतो. ब्राह्मणाच्या नावापुढे शर्मन् आणि क्षत्रियाच्या नावापुढे वर्मन् लावायची जुनी रीत होती. शिमोगा जिल्ह्यातल्या ताळगुंदच्या शिलालेखात कदंब घराण्याच्या मूळपुरुषाची हकीकत आहे. मयूरशर्मन् वेदाध्ययनासाठी पल्लवांच्या कांचीला गेला, तिथे एका घोडेस्वाराशी त्याचा तंटा झाला, अपमान सहन न होऊन त्यानं शस्त्र उचललं आणि राज्य उभं केलं. लेखात तो शर्मन् आहे. मुलाचं नाव मात्र कंगवर्मन्. एका पिढीत घराण्यानं नावावर चिलखत चढवलं. लोकांच्या आठवणीनं तर मूळपुरुषालाही मयूरवर्मा करून टाकलं, आणि १९७५ साली कन्नड अभिनेते राजकुमार यांनी ‘मयूर’ चित्रपटात त्याची भूमिका केल्यापासून कन्नड घराघरांत तो वीर म्हणूनच ओळखला जातो.

चिलखताचे आपले रोजचे शब्द मात्र फारसीतून आले. ‘जिरेटोप’मधल्या ‘जिरे’चा फोडणीतल्या जिऱ्याशी काही संबंध नाही. फारसीत ‘जिरह’ म्हणजे कड्यांत कड्या गुंफून केलेलं पोलादी जाळं, आणि असं जाळं लावलेला टोप तो जिरेटोप. आज मिरवणुकीतला जिरेटोप कापडाचा असतो, मोत्यांची लड लावलेला, आणि शब्दातलं पोलाद कुणाच्या ध्यानीमनी नसतं. ‘चिलखत’ या शब्दाबद्दल माझा कल असा, की ‘ऐन-इ-अकबरी’तल्या शस्त्रास्त्रांच्या यादीत ‘चिहिलकद’ नावाचा जो अंगरखा येतो, त्याच्याशी याचं नातं असावं. चिहिल म्हणजे चाळीस. चाळीस दिवसांच्या अनुष्ठानाला ‘चिल्ला’ म्हणतात तोच हा आकडा. तसं असेल तर चिलखत म्हणजे मुळात पुष्कळ पदरांचं वस्त्र. कड्यांच्या जाळ्याखाली जाड कापूस भरलेला पदर लागतोच. जाळं धार अडवतं, पण घावाचा दणका तो कापूसच जिरवतो.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी चिलखत घातलं होतं ते अंगरख्याच्या आत. डोक्यालाही पोलादाचं संरक्षण होतं आणि त्यावर मंदिल. सभासद बखरीतला तो क्षण वाचताना अंगावर काटा येतो. अफझलखानाची कट्यार कुशीवर चालते, खरखरत घसरते आणि अंगाला लागत नाही. हे चिलखत खानाला घाबरवण्यासाठी नव्हतंच. ते दिसलं असतं तर भेटच मोडली असती. त्याचा मनावरचा परिणाम झाला असेल तो एकाच माणसावर, घालणाऱ्यावर. त्या मिठीत पाऊल टाकायला जी स्थिरता लागली, तिच्यात त्या लपलेल्या कड्यांचा वाटा होता, असं मला ठामपणे वाटतं.

रोमन सैनिकाचं मात्र सगळं उघड होतं. चिलखताला लॅटिनमध्ये ‘लोरिका’ म्हणत, आणि वारो या रोमन पंडितानं त्याची व्युत्पत्ती ‘लोरुम’ म्हणजे चामड्याची वादी या शब्दापासून दिली आहे. कड्यांची लोरिका दहा किलोच्या आसपास भरे. ते ओझं नुसत्या खांद्यांवर राहिलं तर दिवसभराच्या चालीत माणूस मोडेल, म्हणून कमरेला पट्टा घट्ट आवळून काही भार कमरेवर घेत. हा पट्टा म्हणजेच सैनिकपण. सम्राट ऑगस्टस काही अपराधांना शिक्षा देई ती अशी, की पट्टा काढून नुसत्या सैल अंगरख्यात दिवसभर सेनापतीच्या तंबूपुढे उभं राहायचं. चरित्रकार सुएटोनियसनं हे नोंदवलं आहे. आपल्याकडे ‘सन्नद्ध’ हा शब्द पाहा. ‘नह्’ म्हणजे बांधणे, त्यातून ‘संनाह’ म्हणजे चिलखत, आणि चिलखत बांधून झालेला तो सन्नद्ध. ‘सैन्य सन्नद्ध आहे’ असं वर्तमानपत्र छापतं तेव्हा त्यात वाद्या आवळल्याचा अर्थ अजून शिल्लक आहे. ‘कंबर कसली’ हेही तेच.

आणि तुरा! ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो, की रोमन पायदळातले तरुण शिरस्त्राणावर हातभर उंचीची तीन पिसं लावत, जांभळी किंवा काळी, म्हणजे माणूस होता त्याच्या दुप्पट दिसे आणि शत्रूला धडकी भरे. त्या तीन पिसांचं वजन काही घाव अडवत नाही. तरी सीझरनं नेर्वी जमातीच्या अचानक हल्ल्याचं वर्णन करताना आवर्जून लिहिलं, की आमच्या लोकांना सन्मानचिन्हं लावायला, शिरस्त्राणं घालायला, ढालींचे अभ्रे काढायलाही वेळ मिळाला नाही. हे न मिळालेलं त्याला मोजावंसं वाटलं. मराठीत शिरपेचातला तुरा मानाचा झाला, धाकाचा राहिला नाही. धाकाचं काम आपल्याकडे ‘ढाल’ या शब्दानं उचललं. मराठी फौजेत ढाल म्हणजे अंगावरची ढाल तर खरीच, पण हत्तीवरून चालणाऱ्या मोठ्या निशाणालाही ढालच म्हणत आणि त्या हत्तीला ढालगज. ‘ढालगज भवानी’ ही आपल्या बायकांच्या वाट्याला आलेली शिवी त्याच हत्तीवरून खाली उतरली. फौजेच्या आघाडीला सगळ्यांना दिसेल असं चालायला धिटाईच लागते; तिचा दोष कसा झाला, याचं मला वाईट वाटतं.

कोरमंगलात कर्नाटक राज्य राखीव पोलिसांचं कवायतीचं मैदान आहे. दंगल आवरायला निघालेली पोलिसांची रांग कुणीही पाहिली असेल: पारदर्शक ढाली एकमेकींना भिडवलेल्या, शिरस्त्राणाची काच खाली ओढलेली. दगड अजून एकही आलेला नसतो, तरी समोरची गर्दी चार पावलं मागे सरते आणि रांगेतल्या नवख्या शिपायाचे खांदे सरळ होतात. ऐंशी फुटी रस्त्यावर जेवणाचे डबे पोचवणारी मुलं दिवसभर धावत असतात. त्यांच्यातल्या कित्येकांच्या डोक्यावर अर्ध्या कवटीचं हलकं हेल्मेट असतं आणि त्याचा पट्टा गळ्याखाली सुटा लोंबत असतो. पोलिसाला ते दिसतं, मुलालाही ते घातल्यासारखं वाटतं, पण पडताना ते आधी उडून जाईल. चिलखताचं दिसणं आणि वाचवणं जिथे एकमेकांपासून सुटतं, ती जागा भयंकर आहे, कारण घालणाऱ्याचा विश्वास तसाच राहतो. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला त्या रात्री पोलीस अधिकारी हेमंत करकरे बुलेटप्रूफ जॅकेट आणि हेल्मेट चढवताना सगळ्या देशानं पाहिले. त्याच रात्री ते मारले गेले. पुढे त्या जॅकेटांच्या दर्जावरून जो संताप उसळला, तो या विश्वासापोटीच होता.

विश्वास गेला की काय होतं, हे वेगेटियस या रोमन लेखकानं लिहून ठेवलं आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे चौथ्या शतकात, ग्रेशियन बादशहाच्या काळापासून, कवायत ढिली पडली, सवय गेली, चिलखत जड वाटू लागलं. सैनिकांनी बादशहाकडे आधी चिलखत आणि मग शिरस्त्राणही उतरवायची परवानगी मागितली. मग गॉथांच्या तिरंदाजांपुढे उघड्या अंगानं उभं राहायची वेळ आली, आणि अशी माणसं लढण्याचा नाही, पळण्याचाच विचार करतात, असं तो म्हणतो.

रोमची सत्ता ओसरल्यावर ‘लोरिका’ शब्द आयर्लंडमधल्या मठांत राहिला. तिथे तो प्रार्थनेच्या एका प्रकाराचं नाव झाला. सातव्या शतकातल्या लेडकेन याच्या लॅटिन लोरिकेत देवाकडे एकेका अवयवासाठी संरक्षण मागितलं आहे: डोकं, डोळे, जीभ, दात, बरगड्या, असं खाली खाली. आपल्या घरांत तिन्हीसांजेला म्हटली जाणारी रामरक्षा स्वतःला वज्रपंजर आणि कवच म्हणवते, आणि तिची रचनाही अगदी हीच आहे. मस्तकासाठी राघव, कपाळासाठी दशरथाचा मुलगा, डोळ्यांसाठी कौसल्येचा, खांद्यांसाठी दिव्य आयुधं धारण करणारा. प्रत्येक अवयवावर रामाचं एकेक नाव बांधत जायचं, योद्ध्याच्या अंगावर सामान चढवतात तसं वरून खाली. गुडघ्यांवर सेतू बांधणारा येतो, आणि नडग्यांवर, जिथे रोमन सैनिक धातूचे पत्रे बांधत, तिथे दशमुखाचा वध करणारा.