शेवटचे चार हात

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी गोट्या खेळल्या असतील. टाच फिरवून जमिनीत गल करायची आणि लांबून गोटी तिच्यात घालायची. गोटी गलीजवळ आणणे तसे अवघड नसे. पण काठावर येऊन ती थबकली, किंवा गलीवरून उडून पुढे गेली, की जीव कसा हळहळे! आज ज्या खेळाची हकिकत सांगायची आहे, तो गोल्फ आपल्या गावांपासून दूरचा, पैसेवाल्यांचा खेळ म्हणून ओळखला जातो. पण त्याचाही जीव अशाच एका गलीत अडकलेला आहे.

खेळ थोडक्यात असा. विस्तीर्ण माळावर अठरा गली असतात. प्रत्येक गलीपासून शेकडो यार्ड दूर उभे राहून काठीने चेंडू मारायचा आणि कमीत कमी फटक्यांत तो गलीत घालायचा. गलीभोवती अगदी बारीक कापलेली हिरवळ असते. तिला ग्रीन म्हणतात. चेंडू तिथे पोचला की पटर नावाची काठी घ्यायची आणि तो जमिनीवरून हलकेच घरंगळत न्यायचा. याला पटिंग म्हणतात. आता यातली मेख पाहा. अडीचशे यार्डांचा जोरदार टोला मारला तरी तो एक फटका, आणि चार हातांवरून चेंडू हळूच मारला तरी तोही एकच फटका. हिशेबाच्या वहीत दोन्हींची किंमत सारखीच. म्हणून शेवटचे हे चार हात कसे सुधारावेत, हा प्रश्न गोल्फ खेळणारांना शेकडो वर्षे छळत आला आहे. त्याचे उत्तर त्यांनी आधी जमिनीत शोधले, मग हत्यारात शोधले, आणि शेवटी स्वतःच्या हातात.

प्रथम जमिनीची गोष्ट. हा खेळ वाढला स्कॉटलंडात. 1457 साली तिथल्या पार्लमेंटने कायदा करून फुटबॉलबरोबर गोल्फवरही बंदी घातली, कारण या खेळांच्या नादी लागून लोक तिरंदाजीचा सराव टाळू लागले होते. पण बंदीने खेळ काही मेला नाही. 1744 साली एडिंबरोजवळच्या लीथ येथील खेळाडूंनी तेरा नियम लिहून काढले. त्यांतला पहिलाच नियम मोठा बोलका आहे : पुढच्या गलीसाठीचा पहिला टोला आधीच्या गलीपासून एका काठीच्या अंतरात मारावा. म्हणजे ज्या जागेवर चेंडू हळुवार सारायचा, त्याच जागेवर जोरकस टोल्यांनी ढेकळे उडायची. त्यात चेंडू कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून केलेला. तो नीट गोल तरी कुठून असणार? अशा जागी पटिंगची कला ती काय वाढणार? बहुतेक सारा नशिबाचा खेळ.

ही स्थिती हळूहळू पालटली. 1848 च्या सुमारास मलायातील एका झाडाच्या चिकापासून केलेले गटापर्चाचे चेंडू आले. ते स्वस्त होते आणि अधिक गोलही होते. मसलबरा गावी 1829 साली गल कापण्याचे एक हत्यार करण्यात आले होते. त्याच्याच मापाची, म्हणजे सव्वाचार इंच तोंडाची गल 1891 साली नियमाने सर्वत्र ठरली. तोवर गल कुठे लहान तर कुठे मोठी, असा कारभार होता. आणि सेंट अँड्रूज येथे टॉम मॉरिस नावाचा, विणकराच्या घरात जन्मलेला एक खेळाडू मैदानाची देखभाल पाहू लागला. त्याने ओपन स्पर्धा चार वेळा जिंकली होती, पण त्याचे मोठे काम फावडे हाती घेऊन झाले आहे. हिरवळीवर वाळूचा पातळ थर पुनःपुन्हा पसरून ती सपाट व दाट करायची, ही रीत त्याने रुळवली. शेतकरी बंधूंना यात नवल वाटणार नाही. मशागत केली की जमीन पालटते, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या देशात पाण्याची टंचाई असलेल्या कित्येक मैदानांवर हिरवळ जगवणे कठीण होते. तिथे तेल मिसळलेली वाळू दाबून गलीभोवती गोल अंगण करीत. रंगावरून त्याला ब्राऊन असेच नाव पडले. म्हणजे जमीन सपाट हवी, मग ती गवताची असो की वाळूची.

जमीन सुधारली आणि एक नवीच अडचण पुढे आली. आता चेंडू चुकला तर दोष कोणाला द्यायचा? दोष आपल्या हाताचा, हे कबूल करणे माणसाला जड जाते. मग लक्ष हत्याराकडे वळले.

या भागातला नायक आहे वॉल्टर ट्रॅव्हिस. जन्म ऑस्ट्रेलियातला, 1862 चा. पुढे अमेरिकेत स्थायिक झाला. गोल्फची काठी त्याने पहिल्यांदा हाती घेतली ती वयाच्या चौतिसाव्या वर्षी, म्हणजे इतर खेळाडूंची उमेद सरू लागते तेव्हा. अंगात फार ताकद नाही, टोले लांब जात नाहीत. पण नेमकेपणाच्या जोरावर त्याने अमेरिकेची हौशी खेळाडूंची स्पर्धा तीन वेळा जिंकली. 1904 साली तो इंग्लंडात सँडविच येथे ब्रिटिश हौशी स्पर्धेसाठी गेला. तिथे सरावाच्या दिवसांत त्याचे पटिंग पार बिघडले. स्पर्धा तोंडावर आलेली. तेव्हा एका स्नेह्याकडची निराळीच काठी त्याने उसनी घेतली. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावच्या एका अभियंत्याने ती तयार केली होती. नेहमीच्या पटरचा दांडा डोक्याच्या एका टोकाला जोडलेला असे. हिचा दांडा डोक्याच्या मध्याजवळ बसवला होता.

ती काठी हाती आली आणि चेंडू गलीत पडू लागले. ट्रॅव्हिसने इंग्लंडचे नामांकित खेळाडू एकामागून एक हरवले. अंतिम सामन्यात समोर होता एडवर्ड ब्लॅकवेल, त्या काळातल्या सर्वांत लांब टोला मारणारांपैकी एक. त्याचा चेंडू ट्रॅव्हिसच्या कितीतरी पुढे जाई. पण ग्रीनवर पोचल्यावर हिशेब उलटा होई. तीन गली खेळायच्या बाकी असतानाच ट्रॅव्हिस चार गलींनी पुढे होता. सामना संपला. ती स्पर्धा परदेशी नेणारा तो पहिला अमेरिकन.

पुढे 1910 साली सेंट अँड्रूजच्या नियम करणाऱ्या संस्थेने अशा घडणीच्या पटरवर बंदी घातली. अमेरिकेच्या संस्थेने ती मानली नाही. एकाच खेळाला समुद्राच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा! हा गोंधळ चाळीस वर्षे चालला. 1951 साली दोन्ही संस्था एकत्र बसल्या, पुढच्या वर्षीपासून नियम एक झाले, आणि ती काठी पुन्हा सर्वत्र चालू झाली. तोवर ट्रॅव्हिसला जाऊन वीसहून अधिक वर्षे लोटली होती.

हत्याराचा पुढचा टप्पा शिक्षक मित्रांना वर्गात दाखवण्याजोगा आहे. नॉर्वेत जन्मलेले कार्स्टन सोल्हाइम अमेरिकेत अभियंता होते. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते गोल्फ शिकले आणि पटिंगला कंटाळले. चेंडू पटरच्या नेमक्या मध्यावर लागला नाही की डोके किंचित फिरते आणि चेंडू वाट सोडतो, हे त्यांनी हेरले. 1959 साली त्यांनी असा पटर केला, की ज्याचे वजन दोन्ही टोकांना वाटलेले होते. चेंडूला लागताच तो टणकन वाजे, म्हणून त्याचे नाव पिंग. आता वर्गात एक काठी घ्या. दोन दगड तिच्या मध्यावर बांधा आणि मध्यावर धरून ती मनगटाने फिरवून पाहा, सहज फिरेल. तेच दगड दोन टोकांना बांधा. मनगटाला जोर लावावा लागेल. खांद्यावर कावड घेणाऱ्याला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. कावड अशी झटकन वळत नाही. सोल्हाइम यांनी कावडीचेच तत्त्व पटरमध्ये घातले असे म्हणाना!

इतके झाले तरी माणूस सुटला नाही. ओपन स्पर्धा सहा वेळा जिंकणारा हॅरी व्हार्डन उतारवयात अगदी जवळचे पट चुकवू लागला. ऐन वेळी त्याचा हात झटका खाई. या रोगाला खेळाडू यिप्स म्हणतात. त्यावर तोडगे पुष्कळ निघाले. सॅम स्नीडने 1966 च्या सुमारास दोन पायांच्या मधून चेंडू सारायला सुरुवात केली. 1968 पासून नियमाने ते बंद केले. पुढे काहींनी लांब पटरचे टोक पोटाला किंवा छातीला टेकवून मारायला सुरुवात केली. 1 जानेवारी 2016 पासून तेही बंद झाले. नियम करणारांचे म्हणणे एवढेच, की काठी दोन्ही हातांनी मोकळी फिरली पाहिजे. स्केनेक्टडीची बंदी आणि ही बंदी यांत फरक आहे. पहिलीने हत्यार अडवले, आणि ती टिकली नाही. दुसरीने हत्यार चालू दिले, फक्त काठीचा शरीरावरचा टेकू काढला.

मग या हातांनी करायचे तरी काय? अलीकडच्या मोजमापांनी काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. चेंडू कोणत्या दिशेला निघतो, हे मुख्यतः टेकण्याच्या क्षणी पटरचे तोंड कुठे आहे त्यावर ठरते. काठी कोणत्या वाटेने आली, त्याचा वाटा कमी. म्हणून आधी तोंड सरळ राखावे. खांदे आणि हात एकत्र, लंबकासारखे हलवावेत. मनगट मोडू नये. चेंडू निघून जाईपर्यंत मान वर करू नये. वेगाचेही गणित आहे. डेव्ह पेल्झ हे पूर्वी नासात काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी प्रयोगांतून काढले, की गल चुकली तर सुमारे 17 इंच पुढे जाऊन थांबेल, असा चेंडू गलीत पडण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्याहून मंद चेंडू बारीकसारीक खळग्यांत वाट चुकतो. त्याहून वेगवान असला तर गलीवरून उडून जातो. आपली गोटी जाई तशी!

आणि एक आकडा मनाला धीर देणारा आहे. जगातले उत्तम धंदेवाईक खेळाडूही आठ फुटांवरून सुमारे निम्मेच पट गलीत घालतात. तीस फुटांवरून तर शंभरात दहाही पडत नाहीत. म्हणून शिकणाऱ्याने दुरून गलीचा हट्ट धरू नये. दुरून चेंडू गलीच्या अंगणात नेऊन ठेवावा, आणि तीन-चार फुटांवरून तो न चुकण्याचा सराव रोज थोडा थोडा करावा. त्याला मैदानही लागत नाही. घरातली सपाट जमीन आणि आडवा ठेवलेला पेला पुरतो.

सेंट अँड्रूजच्या वाळूने जमीन सपाट केली, स्केनेक्टडीच्या काठीने आणि कावडीच्या तत्त्वाने चूक थोडी झाकली. चार हातांचे अंतर मात्र टॉम मॉरिसच्या वेळी होते तेवढेच आजही आहे. ट्रॅव्हिसने काठी उसनी घेतली होती हे खरे. पण समोर ब्लॅकवेल उभा असताना ती न थरथरता धरणारा हात त्याने कोणाकडून उसना आणला नव्हता.